पंगतीतला आडवा हात

जयश्री विशेला तिच्या कामाचं नाव विचारलं तर ती "सर्वे" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं जमिनीची मोजणी, आणि तो बांधाची तक्रार काढून बसतो. मग ती टॅब पुढे करून म्हणते, "आमी मनं मोजतो. बांध तुमचे तुमी मोजा."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर कोपऱ्यातली खोली तिची. शहापूरला येऊन तिला अकरा वर्षं झाली. माहेर म्हशाजवळचं, सासर किन्हवलीच्या पुढचं, दोन्हीकडे भातशेती. नवरा ज्ञानेश्वर भिवंडीच्या बाजूला गोदामात कामाला आहे. मुलगी कुणाली बारावीला. जयश्री स्वतः बारावी होऊन लग्न करून सासरी आली आणि पुढचं बी.ए. तिने बाहेरून केलं, एका हाताने कुणालीला झोका देत. नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेला गावोगाव फिरून फॉर्म भरणाऱ्या बायका हव्या होत्या. ही गेली, ती अजून जातेच आहे.

या नऊ वर्षांत तिला फॉर्ममागे मोबदला मिळत आला. फॉर्म नसतील त्या महिन्यात काही नाही. गेल्या वर्षी संस्थेने ठरवलं की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांसाठी एक सुपरवायझर नेमायचा, महिन्याच्या पगारावर, रीतसर पत्र देऊन. जयश्रीला ती जागा हवी होती आणि हे तिने कोणापासून लपवलं नाही. मला म्हणायची, "वहिनी, पत्रावर माझं नाव छापून आलेलं मला बघायचंय. लग्नपत्रिकेनंतर कुठं छापलंच नाय."

तिच्या फॉर्मात प्रश्न कमी आणि वाक्यं जास्त असतात. उदाहरणार्थ, 'आमच्या गावातल्या शाळेत मुलांना नीट शिकवतात.' त्याखाली पाच उत्तरं: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. वाक्य वाचायचं, पाचही उत्तरं वाचायची, समोरचा जे सांगेल त्यावर टॅबवर बोट ठेवायचं. अशा वीस वाक्यांची बेरीज केली की त्या माणसाचा कल कळतो, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण 'सहमत' हा शब्द आपल्याकडे घरात कोण वापरतं? एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर एका गावी गेले होते. ओटीवर बसलेल्या बाईने वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा हाय."

"बरा म्हणजे सहमत का पूर्ण सहमत?"

"बरा म्हंजे बरा."

"तरी किती बरा?"

"आता तुमी शिकलेली हाव. जो चांगला दिसंल तो लिवा."

संस्थेने मध्ये एक कार्ड काढलं होतं, पाच तोंडांचं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बायका रडक्या तोंडाला बोट लावायला तयार होत नसत. सणाच्या दिवसात, भरल्या घरात, कशाला म्हणून रडकं तोंड निवडायचं? आणि पुरुषमाणसं त्या पाचांत कोणाचं तोंड आपल्या गावच्या जयरामसारखं दिसतं यावर अर्धा तास घालवत. ते कार्ड बंद पडलं.

मग जयश्रीला तिची युक्ती सापडली, ती सासरच्या गावी एका लग्नात. ती भात वाढत होती. आमच्याकडे लग्नाला अजून पंगत बसते, पत्रावळी मांडतात, आणि वाढणाऱ्याने पानात बघायचं नसतं, हाताकडे बघायचं असतं. कोणी पत्रावळ जरा पुढे सरकवतो, त्याला मनापासून हवं असतं. कोणी चार बोटं हलवतो, म्हणजे थोडा घाल. कोणाचे हात मांडीवरच असतात आणि तो वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, त्याचं काही ठरलेलं नसतं. कोणी पानावर एक हात आडवा धरतो, म्हणजे नको. आणि कोणी दोन्ही हात पसरून पानावर वाकतोच, त्याला काही केल्या नको. तोंडाने काय म्हणतात याला अर्थ नसतो, 'नको नको' सगळेच म्हणतात. हात खरं बोलतो. जयश्री सांगते की टोप हातात घेऊन ती मध्येच थांबली आणि मागच्या वाढप्याने तिला विचारलं, "वहिनी, भात संपला का काय?"

पुढच्या गावापासून ती फॉर्म भरताना म्हणू लागली, "असं समजा, पंगतीला बसलाव. मी एक वाक्य वाढते. हाताने सांगा." तोंडातून 'बरा हाय' पलीकडे न काढणारी माणसं हाताने पटापट बोलू लागली. लडकूबाबा म्हणून एक म्हातारे होते. घरातल्या वातावरणावर कसलासा सर्वे होता. 'घरातली तरुण माणसं माझ्याशी आदराने बोलतात' हे वाक्य ऐकल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात पसरले आणि पुढे वाकले. आतून सून म्हणाली, "मामा, सकाळी चहा दोनदा दिलाय, तो पण लिवून घ्यायला सांगा त्यांना." लडकूबाबांनी एक हात उचलला. पूर्ण असहमतचं असहमत झालं. जयश्रीने तसंच नोंदवलं.

संस्थेचं काम बघणाऱ्या रेश्मा मॅडम मुंबईहून पंधरवड्यातून एकदा शहापूरला येतात. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा आधी त्यांनी जयश्रीची कानउघाडणी केली, कारण नियम असा की छापलंय तेवढंच वाचायचं, स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. पण बाई शहाणी. त्यांनी दोन गावांत तपासणी केली. निम्म्या घरांत शब्द वाचून, निम्म्या घरांत हात दाखवून. पंधरा दिवसांनी त्याच घरांत परत तेच विचारलं. शब्दांची उत्तरं बरीच बदलली होती, हातांची फारशी नाही. मग त्यांनी हातांची पाच चित्रं छापून घेतली. फिरणाऱ्या आठ जणांपैकी बहुतेकांनी ते कार्ड घेतलं. मुरबाडचा प्रज्वल मात्र म्हणाला, "ताई, मला लोकांसमोर असं वाकून दाखवायला कसंतरी होतं," आणि तो शब्दच वाचत राहिला. ऑफिसात याला 'पंगत पद्धत' असं नाव पडलं. सुपरवायझरच्या जागेसाठी जयश्रीचं नाव पुढे गेलं, आणि दिवाळीच्या आत पत्र येईल असं मॅडमने स्वतः तिला सांगितलं.

दसऱ्यानंतर नवा सर्वे निघाला. किन्हवलीच्या आणि मुरबाडच्या बाजूला गावांच्या कडेला ज्या वाड्या आहेत, तिथली भूमिहीन कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात, शाळा सुटते. संस्थेला त्या सहा-सात महिन्यांसाठी वाड्यांजवळ वसतिगृहं काढायची होती. मुलांनी तिथे राहायचं, शाळेत जायचं, आईबाप भट्टीवर. पैसा दोनच वसतिगृहांपुरता होता, म्हणून जिथल्या पालकांची तयारी जास्त तिथे काढायचं असं ठरलं. तयारी मोजायला वीस वाक्यं होती.

जयश्रीच्या वाट्याला किन्हवलीपलीकडची एक वाडी आली. बावीस घरं. माणसं सकाळी भात कापायला मजुरीवर जात, म्हणून ती दुपार उतरल्यावर जायची. तीन दिवसांचं काम धरलं होतं, दीड दिवसात झालं. परत आली तेव्हा खुश होती. "वहिनी, काय माणसं आहेत. कार्ड दाखवलं की लगेच हात. एकाने पण विचार करायला वेळ घेतला नाय."

दोन दिवसांनी रेश्मा मॅडमचा फोन आला. जयश्री माझ्याकडेच बसली होती आणि तिने तो स्पीकरवर ठेवला. मॅडम म्हणाल्या, "जयश्रीताई, वाडीचं बघितलं मी. मुलाला वसतिगृहात ठेवायची माझी तयारी आहे, या वाक्यावर बावीसपैकी बावीस पूर्ण सहमत. इतरांचे फॉर्म अजून येतायत, पण यापेक्षा जास्त कुठे असणार? एक वसतिगृह तुमच्या वाडीला नक्की. दिवाळी झाली की लगेच गाडी पाठवून मुलं आणायची. आणि तुमचं पत्र टाइप झालंय, पुढच्या आठवड्यात देते."

तो रविवार होता. मी चकलीची भाजणी भाजत होते. जयश्रीला एक सवय आहे, टॅबमध्ये भरलेलं ती एका वहीतही उतरवते, प्रत्येक घराची एक ओळ आणि वीस खुणा. कागदाच्या काळातली सवय. ती वही उघडून मला अभिमानाने दाखवू लागली. खुणा सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी सहज विचारलं की सातवं वाक्य काय आहे.

"मुलाने आईवडिलांसोबतच राहायला हवं."

"आणि वसतिगृहाचं?"

"पंधरावं."

"दोन्हीला सगळे पूर्ण सहमत? मग मूल राहणार कुठे?"

मला काही पकडायचं नव्हतं, खरंच विचारलं होतं. अशी उलटी वाक्यं मुद्दाम घालतात, लक्ष न देता उत्तरं देणारा सापडावा म्हणून, हे तीच मला पूर्वी सांगून बसली होती. तिने वही जवळ ओढली. एकेका ओळीवर बोट ठेवून वर सरकत गेली, मग खाली. तोवर माझा भाजणीचा एक घाणा भाजून झाला. मग म्हणाली, "बावीसच्या बावीस माणसांनी पान पुढे सरकवलंय. मी वाचलं ते सगळं वाढून घेतलंय."

संध्याकाळी ज्ञानेश्वर सुट्टी म्हणून घरी होता. त्याला तिने सांगितलं तर तो म्हणाला, "अपलोड झालंय ना?"

"झालंय."

"मग तुझं काम झालं. तू लिहिलंस ते त्यांनीच सांगितलंय. खोटं तर नाय भरलं?"

"खोटं नाय भरलं."

"सात नंबर कोन बघनार हाय? मॅडमनी पण नाय बघितला. पत्र हातात पडू दे, मग शोधत बस काय चुकलं ते."

"तोवर गाडी जाईल ना वाडीवर."

"गाडी जाईल तर जाईल. शाळेतच नेतात पोरांना, जंगलात नाय सोडत."

कुणाली अभ्यास करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पप्पांचं बरोबर आहे मम्मी, एकदा तरी गप्प बस." जयश्री त्या दिवशी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात. "वहिनी, चला माझ्यासोबत. एकटीला जायला पाय निघत नाय." किन्हवलीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि रिक्षा सोडून अर्धा तास बांधाबांधाने. भात पिवळं होऊन आडवं पडलं होतं. वाडीच्या तोंडाशी एक मोठा आंबा आहे, त्याच्या खाली चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यांतली वयाने मोठी हौसाबाई.

"आलीस गो बाय परत? काय राहिला का लिवायचा?"

"राहिला," जयश्री म्हणाली आणि खाली बसली. टॅब तिने पिशवीतून काढलाच नाही. "हौसाबाय, त्या दिवशी मी पंगतीचा खेळ सांगितला. तुमी सगळ्यांनी पान पुढं सरकवलं. कोणीच हात आडवा नाय धरला. का?"

बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. हौसाबाई हसली नाही. ती सरळपणे सांगू लागली, जसं कोणी रस्ता सांगतं तसं.

"गावात लगीन असला का आमाला बोलवीत. सगळ्या पंगती उठल्या का मंग आमची. वाढपी येकदाच फिरायचा. टोप खरडायचा आवाज आला का समजायचा, आता परत नाय येत. मंग हात कोन आडवा धरील? पान पुढंच करायचा. पोटात जागा नसली तरी करायचा, घरी बांधून न्यायला व्हतो."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"तू बोलली पंगतीत बसलाव असा समजा. आमी बसलो." आता तीही हसली. "तू पन गो, बरी वाढपी. वीस येळा वाढलास."

जयश्रीचा चेहरा मी बाजूने बघत होते. परत येताना बांधावरून चालताना तिने मला एवढंच सांगितलं की माहेरी काकाच्या लग्नात ती दहा वर्षांची असताना ताक वाढत होती, आणि शेवटच्या पंगतीला आईने हाक मारून सांगितलं होतं की आता पुरे, भांडं आत आण. 

पण तेव्हा ती आंब्याखालून उठली नाही. तिने विचारलं, "मग तुमच्यात नको असलं तर काय करता? नको कसं म्हणता?"

कडेला एक तरुण बाई होती, सोनी. मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "नाय म्हनत. नाय जात."

"म्हणजे कसं?"

"आता मुकादम येतो ना, बोलतो चला यंदा माझ्या भट्टीवर. आमी बोलतो हा. त्याच्या तोंडावर नाय कशाला बोलायचा, मानूस चालून आलेला. मंग गाडी यायच्या दिशी जायचा नसला तर फाटंच्या पारी रानात जायचा."

"आणि तो?"

"हाका मारतो. शिव्या देतो."

"दोन घंटं देतो," दुसरी म्हणाली. "मागल्या साली गाडीतच झोपलेला. आमी वरून बघतोय."

"मग त्याला कळतं?"

"कळल नाय तर काय. पन आमी नाय कुठं बोललो? आमी हाच बोललो."

सगळ्या खूप हसल्या. जयश्री हसत हसत वहीत लिहीत होती. मग तिने विचारलं, "असं धरा. दिवाळीनंतर या आंब्याखाली गाडी येणार. पोरांना वसतिगृहात न्यायला. सकाळी सातला. तुमी कुठं असाल?"

 ज्या बाया दीड दिवसात वीस वाक्यांना हो म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, त्या या एका प्रश्नाला अडल्या. उत्तरं आली ती त्यांच्याच बोलण्यातून आली, जयश्रीने एकही सुचवलं नाही. कोणी पोराचा हात धरून गाडीच्या आधीच आंब्याखाली येणार होती. कोणी हाक मारली तर घरातून निघणार होती. कोणी बाकीच्या काय करतात ते बघणार होती. कोणी दार ओढून आत बसणार होती. आणि कोणी पोराला घेऊन रानात जाणार होती. दार ओढून बसणं आणि रानात जाणं यांत जास्त नको कशात, यावर थोडा वाद झाला. हौसाबाईने तो मिटवला. दारावर कोणी परत थाप मारली तर उघडावं लागतं, रानात थाप कोण मारणार.

सोनीने आपलं उत्तर शेवटी दिलं. मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मी हिला घेऊन इथं. सहाला."

मंगळवारी रेश्मा मॅडम शहापूरच्या ऑफिसात येणार होत्या. जयश्री वही घेऊन गेली. पुढचं मला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, काही न वगळता, जशी फॉर्म सांगते तशी. तिने मॅडमसमोर सातवं आणि पंधरावं वाक्य एकाशेजारी एक ठेवलं, हौसाबाईचं बोलणं आणि आंब्याखालच्या गाडीचा प्रश्न वाचून दाखवला आणि म्हणाली, "माझे बावीस फॉर्म रद्द करा."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. बाकीचे फॉर्मही तोवर आले होते. हाताचं कार्ड आणखी सहा वाड्यांत वापरलं गेलं होतं. सहाही वाड्यांत तेच. आधीच्या सर्वेतलं, गावांमधलं ठीक होतं, वाड्यांमधलं सगळं पान पुढे सरकवलेलं. फक्त प्रज्वलच्या दोन वाड्यांत उत्तरं पसरलेली होती, कारण त्याने शब्द वाचले होते.

"मी एकच वाक्य बघितलं," मॅडम म्हणाल्या. "मला दिसायला हवं होतं."

"मला आधी दिसायला हवं होतं. वाढपी मी होते."

मॅडम बराच वेळ काही टाइप करत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की सातही वाड्या या गाडीच्या प्रश्नाने नव्याने कराव्या लागतील, अहवाल लांबेल, वरच्या लोकांना त्याचं कारण द्यावं लागेल. आणि कारण द्यायचं म्हटलं की पद्धत कोणाची हे येणारच. "अशा वेळी मी तुमचं नाव सुपरवायझरसाठी पुढे नाही नेऊ शकत, जयश्रीताई. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत हेही मी लिहीन, पण या खेपेला नाही."

"टाइप केलेलं पत्र दाखवाल का?" जयश्रीने विचारलं. मॅडमनी दाखवलं. तिने वाचलं आणि परत दिलं.

ज्या पाच जणांचे फॉर्म रद्द झाले ते तिच्यावर चिडले, आणि ते साहजिक होतं, त्यांना दिवाळीच्या तोंडावर पुन्हा पायपीट पडली. त्यांच्यातली मुरबाडची एक बाई फोनवर तिला म्हणाली, "तुझी पंगत तू उठवलीस, आमाला कशाला उठवलंस?" ज्ञानेश्वर दोन दिवस घरात मोजकं बोलत होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारलं, "वाडीवर कधी जायचंय? सुट्टी आहे, सोडतो गाडीने." जागा प्रज्वलला मिळाली. तो पेढे घेऊन आला, दारातच अवघडून उभा. जयश्रीने त्याला आत बसवलं, दोन पेढे घेतले आणि एक बळेच कुणालीच्या हातावर ठेवला. तो निघताना म्हणाला, "ताई, नव्या फॉर्मचं तुमीच शिकवा सगळ्यांना. मला ते आंब्याचं नीट नाय समजलं."

वाडी तिने पुन्हा केली. तीन घरं यंदा लवकरच भट्टीवर गेली होती, एकोणीस भेटली. अकरा जणी रानात. दोन दार ओढून. तीन बघून ठरवणार. आणि तीन आंब्याखाली. वसतिगृह त्या वाडीला झालं नाही, मुरबाडच्या बाजूला दोन वाड्यांना झालं, जिथे खरोखर माणसं गाडीपाशी आली.

हे ठरल्याबरोबर, वाडी भट्टीवर निघायच्या आत, सांगायला जयश्रीच गेली. अकरा जणींना काही वाटलं नाही, त्यांनी चहा केला. सोनीने चहा घेतला नाही. ती म्हणाली, "तू परत नसती आली तर गाडी आली असती."

"आली असती. बाकीच्यांना रानात जावं लागलं असतं."

"ती गेली असती. त्यांना सवय हाय. माझी बसली असती ना गाडीत."

 हे मला सांगताना जयश्री म्हणाली, "वहिनी, तिचं बरोबर आहे. माझं पण बरोबर आहे. दोन्हीला पूर्ण सहमत, आता करा बेरीज." आंब्याखाली येणाऱ्या त्या तीन घरांची नावं तिने वेगळ्या कागदावर लिहून मॅडमना दिली आणि दर चार दिवसांनी प्रज्वलच्या मागे लागली. शेवटी मुरबाडच्या एका वसतिगृहात तिघींच्या मुलांना जागा मिळाली. एक मुलगा आठ दिवसांत रडून परत भट्टीवर आईकडे गेला. सोनीची मुलगी तिथेच आहे. जयश्री महिन्यातून एकदा तिला बघून येते आणि सोनीला फोनवर सांगते. सोनी ऐकून घेते.

सध्या ती म्हशाच्या बाजूला फिरते आहे, पाण्याच्या योजनेवरचा सर्वे आहे. हाताचं कार्ड पिशवीत असतं, पण ती ते लगेच काढत नाही. आधी घरात बसते आणि विचारते की तुमच्यात एखादी गोष्ट नको असली तर काय करतात. हा प्रश्न फॉर्मात नाही, त्याला वेळ जातो, आणि फॉर्म कमी भरले की मोबदला कमी. प्रज्वल सुपरवायझर म्हणून तिला दर आठवड्याला विचारतो की तुमचे इतरांपेक्षा कमी कसे. ती सांगते, "कमी आहेत, पण आहेत." गेल्या गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले होते. एका घरी म्हाताऱ्या बाबांनी तिचा प्रश्न दोनदा ऐकून घेतला.

"नको असला तर? काय नाय. चहा पाजतो नि वाटंला लावतो."

"आणि हवं असलं तर?"

"तर मंग जेवाया थांब बोलतो."

जयश्रीने ते वहीत लिहिलं. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि आम्ही दोघी चहा येतो की ताट, हे बघत बसलो.